मिस्सा संपते तेव्हा काय सुरू होतं?

वसईतल्या आमच्या गावात रविवारी सकाळी लगबगीनं निघालेल्या माणसाला कोणी "कुठे?" म्हणून विचारलं, तर एका शब्दात उत्तर मिळतं, "मिस्साला." चर्चमधल्या या उपासनेला बाकीचे 'मास' म्हणतात, आम्ही मिस्सा म्हणतो. हा शब्द लहानपणापासून माझ्या तोंडात आहे, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. कळला तेव्हा ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे काय करायचं, याचं निम्मं उत्तर त्या शब्दातच असल्याचं लक्षात आलं.

पूर्वी ही उपासना लॅटिनमध्ये व्हायची. वाचन, प्रवचन, ख्रिस्तशरीर (पवित्र केलेली भाकर) घेणं, सगळं झालं की अगदी शेवटी लोकांना निरोप दिला जायचा, 'इते, मिस्सा एस्त.' म्हणजे 'जा, आता निरोप झाला.' यातला 'मिस्सा' हा शब्द 'पाठवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. आपल्या भाषेत त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे, पाठवणी. मुलीची पाठवणी होते तेव्हा लग्न संपतं आणि संसार सुरू होतो. आमच्या पूर्वजांनी तासाभराच्या या उपासनेला नाव दिलं ते तिच्या शेवटच्या वाक्यातलं. 'मिशन' हा शब्दही त्याच क्रियापदापासून निघाला. मिस्सा आणि मिशन ही सख्खी भावंडं आहेत.

हे लिहायला घेतलं ते ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे. डबा खाताना ती म्हणाली, "तुम्ही रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करता ते मला माहीत आहे. पण हे मिशन मिशन म्हणता ते नक्की काय? कोणाला बाटवायचं असतं का?" तिच्या विचारण्यात खोच नव्हती. आपल्याकडे 'मिशनरी' म्हटलं की शाळा, दवाखाना आणि धर्मांतर या तीनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे तिचा प्रश्न साहजिकच होता. खरं तर आमच्यातल्याही पुष्कळांच्या मनात याबद्दल घोळ असतो. प्रार्थना करायची मठातल्या धर्मभगिनींनी, गोरगरिबांवर प्रेम करायचं मदर तेरेसांच्या सिस्टरांनी, मिशनवर जायचं धर्मगुरूंनी आणि आपण रविवारी हजेरी लावायची, अशी कामाची वाटणी आम्ही मनातल्या मनात करून टाकलेली असते. ख्रिस्तसभेची, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चची, शिकवण मात्र अशी वाटणी मानत नाही. ती सोप्या शब्दांत सांगायची तर मला दोन संतांकडे जावं लागेल.

कॅथलिक परंपरेत वेगवेगळ्या कामांना आश्रयदाते संत असतात. जगभरच्या मिशनकार्याचे प्रमुख आश्रयदाते दोन, आणि त्यांची जोडी पहिल्या नजरेला अगदी विजोड वाटते.

पहिले आपल्या ओळखीचे आहेत. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे आणि ज्यांना गोव्यातली माणसं 'गोंयचो सायब' म्हणतात, ते संत फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेतला मोती काढणाऱ्या कोळ्यांचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला. शेवटी चीनच्या दारात, सांग्च्वान नावाच्या बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांनी देह ठेवला.

दुसरी आहे तेरेज मार्टिन. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेली, घड्याळजीची मुलगी. पंधराव्या वर्षी ती लिज्यू गावातल्या कार्मेल मठात गेली. या मठातल्या धर्मभगिनी एकदा आत गेल्या की बाहेरच्या जगात वावरत नाहीत. तेरेज तिथे साडेनऊ वर्षं राहिली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयानं गेली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. तिनं कधी प्रवचन दिलं नाही, कोणाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) दिला नाही, कुठल्या परदेशी मिशनवर पाऊल ठेवलं नाही. आणि तरी १४ डिसेंबर १९२७ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला झेवियरांच्या बरोबरीनं मिशनची आश्रयदाती जाहीर केलं.

एकानं समुद्रामागून समुद्र ओलांडले, दुसरी मठाच्या भिंतीआड राहिली, आणि ख्रिस्तसभा म्हणते की दोघांनी केलं ते एकच काम. मग मिशन मैलांत तर मोजता येणार नाही. कशात मोजायचं, ते तेरेजच्या दिवसभराच्या वागण्यात फार स्पष्ट दिसतं. म्हणून मी तिच्याकडेच जास्त वेळ थांबणार आहे.

त्याआधी झेवियरांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. गोव्यात आल्यावर ते राहिले ते इस्पितळात, रोग्यांच्या सोबतीला. ते तुरुंगातल्या कैद्यांना भेटायचे, महारोग्यांकडे जायचे, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यानं मुलांना शिकायला बोलवायचे. हे झालं एक. दुसरं असं, की १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आणण्याची मागणी केली. ते आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, आणि १८१२ पर्यंत राहिलं. त्यानं माणसांचे हाल केले. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं मूळ कुठेतरी या इतिहासातही आहे. ते झाकून मिशनबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही. श्रद्धा सक्तीनं देता येत नाही, कोणावरही तशी जबरदस्ती होता कामा नये, हे ख्रिस्तसभेनं जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरच्या दस्तऐवजात निःसंदिग्धपणे लिहून ठेवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ती नाकारत नाही, असंही तिनं जाहीर केलं होतं. पुढे २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट ब्राझीलमध्ये म्हणाले, की ख्रिस्तसभा माणसं ओढून आणत नाही, ती आकर्षणानं वाढते.

आता तेरेज. सुरुवात प्रार्थनेपासून करू.

प्रार्थना म्हणजे पाठ केलेलं म्हणणं, असं आपल्याला वाटतं. आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी व्हायची. जपमाळेच्या मण्यांवर आधी 'आमच्या स्वर्गातील पित्या', मग दहा वेळा 'नमो मरिये', मग 'पित्याला गौरव'. असं पाच वेळा. एकेका दशकाला येशूच्या किंवा मरियामातेच्या जीवनातला एकेक प्रसंग मनापुढे ठेवायचा. ओठ जप करतात, मन तो प्रसंग पाहत असतं. लहान मुलांना हे लांबलचक वाटतं. मलाही वाटायचं. नंतर तेरेजच्या आठवणींच्या वह्या वाचल्या आणि मोठा दिलासा मिळाला. एकटीनं जपमाळ म्हणणं आपल्याला फार जड जातं, मन एका जागी राहत नाही, असं तिनं सरळ लिहून ठेवलं आहे. सकाळच्या मनन-चिंतनाच्या वेळी तिला झोप लागायची. त्याबद्दल ती म्हणते, लेकरं झोपलेली असली तरी आईबापांना ती तेवढीच प्रिय असतात. तिच्या लेखी प्रार्थना म्हणजे काळजातून येणारी उसळी, आकाशाकडे टाकलेली एक साधी नजर, संकटात आणि आनंदातही. ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात प्रार्थनेचा भाग सुरू होतो तो तिच्या याच वाक्यानं. जिला माळ ओढताना कंटाळा यायचा, तिचं.

यावरून कोणी म्हणेल, मग माळ सोडून द्यावी. तेरेजनं सोडली नाही. ठरलेल्या वेळी ठरलेली प्रार्थना करायची, मन लागो वा न लागो, हे ती शेवटपर्यंत करत राहिली. शेवटचं जवळजवळ दीड वर्ष तर तिच्या मनात गडद अंधार होता. स्वर्ग आहे की नाही, याचाच विश्वास वाटेना. अंगात ताप, तोंडातून रक्त, आणि वर हे. पण त्याही काळात तिनं प्रार्थना सोडली नाही. ज्यांना देव दिसतच नाही अशा माणसांच्या पंगतीला आपण बसलो आहोत, असं ती म्हणायची, आणि त्यांच्याचसाठी मागायची. श्रद्धा म्हणजे सदैव भरून आलेलं मन, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दीड वर्ष जरूर लक्षात घ्यावं.

म्हणजे प्रार्थनेचं तोंड कोणाकडे आहे, हा खरा मुद्दा. देवाकडे तर आहेच. पण देवाकडे वळलेलं मन माणसाकडेही वळतं की नाही?

आमच्या आजीची एक रीत होती. रोझरीचं प्रत्येक दशक सुरू करण्याआधी ती थांबायची आणि विचारायची, "हे कोणासाठी?" मग कोणीतरी नाव घ्यायचं. परीक्षेला बसलेला शेजारचा मुलगा. सासरी त्रास असलेली कोणाची तरी लेक. दुधवाल्याचा हात मोडलेला. नाव घेतल्याशिवाय ती पहिला मणी पुढे सरकवत नसे. आजी वाडीतली भाजी विकून घर चालवणारी बाई. तिच्या लहानपणीची मिस्सा लॅटिनमध्ये होती. त्यातली उत्तरं तिला अखेरपर्यंत तोंडपाठ होती, अर्थ मात्र एका शब्दाचाही सांगता यायचा नाही. परिषदेनं १९६३ मध्ये लोकांच्या भाषेत उपासनेला वाट मोकळी केली आणि यथावकाश मराठीत मिस्सा सुरू झाली, तेव्हा आजीला म्हणे पहिल्यांदा कळलं की शेवटी आपल्याला 'जा' म्हणतात. "हे 'कोणासाठी?' तेव्हापासूनचं," ती सांगायची.

रोझरीतले प्रसंग नीट पाहिले तर त्यातही हेच दिसतं. या प्रसंगांना 'रहस्यं' म्हणतात. त्यातल्या आनंदाच्या रहस्यांपैकी पहिल्यात देवदूत मरियेला सांगतो, की तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्माला येणार. एवढी मोठी वार्ता ऐकल्यावर ती काय करते? दुसऱ्या रहस्यात ती लगबगीनं डोंगराळ मुलखात निघते. तिच्या नात्यातल्या अलिशिबेला उतारवयात दिवस गेलेत, सहावा महिना लागलाय. मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते. सहा आणि तीन नऊ. बाळंतपणाला जाऊन राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चूल, पाणी, धुणं, रात्रीची जागरणं. बायबलमधल्या शुभवर्तमानात एवढा तपशील नाही, पण तीन महिने कोणी पाहुणी म्हणून बसून राहत नाही. देवाचा शब्द ऐकणं, त्यापायी कोणाची तरी ओढ वाटणं आणि उठून तिच्या दारात जाणं. प्रार्थना, प्रेम, मिशन. तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच त्या, एकाच फेरीतले टप्पे आहेत.

प्रेमाकडे येते. ख्रिस्ती अर्थानं प्रेम म्हणजे आवड नव्हे, आणि ही गोष्ट समजायला कठीण जाते. आवडत्या माणसावर माया करायला श्रद्धेची गरज लागत नाही. तेरेजच्या मठात सिस्टर सेंट पिएर नावाच्या एक वृद्ध, आजारी धर्मभगिनी होत्या. स्वभावानं चिडखोर, कोणाचीच मदत त्यांना पटायची नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत सहाला दहा मिनिटं कमी असताना कोणीतरी उठून त्यांना जेवणघरात न्यावं लागे. तेरेजनं हे काम आपणहून मागून घेतलं. वेळ झाली की सिस्टर हातातलं वाळूचं घड्याळ हलवायच्या. ती खूण. मग आधी बाक सरकवायचा, तोही ठरावीक पद्धतीनं. मागून कमरेचा पट्टा धरून चालायचं. पाऊल जरा भरभर पडलं की "मला पाडणार आहेस!" आणि हळू झालं की "तुझा हात लागत नाही मला, सोडलंस वाटतं. मी म्हटलंच होतं, तू फार लहान आहेस!" जेवणघरात पोचलं की त्यांना न दुखवता बसवायचं आणि बाह्या वर सारायच्या, पुन्हा त्यांच्याच पद्धतीनं. एवढं झालं की तेरेजनं जायला हरकत नव्हती. पण काही दिवसांत तिच्या लक्षात आलं, की संधिवातानं वाकड्या झालेल्या हातांनी सिस्टरना पाव कापता येत नाही. मग ती रोज पाव कापून द्यायची, आणि निघण्यापूर्वी आपलं सगळ्यात चांगलं हसू हसायची. त्या पाव कापून देण्यानं, ज्याची सिस्टरनी कधी मागणी केली नव्हती, त्यांचं मन जिंकलं.

माझ्या मते अख्ख्या शिकवणीचा गाभा त्या पावात आहे. पट्टा धरणं हे नेमून घेतलेलं काम होतं. पाव कापणं हे पाहिल्यामुळे सुचलं. प्रेम करायला आधी पाहावं लागतं.

आणखी एक प्रसंग सांगते. मठात धुणं धुताना समोरची धर्मभगिनी रुमाल आपटायची आणि दर वेळी घाण पाण्याचे शिंतोडे तेरेजच्या तोंडावर उडायचे. मागे सरून तोंड पुसावं, म्हणजे तिला समजेल, असं तेरेजच्या मनात आलं. पण तिनं तसं केलं नाही. पाणी अंगावर घेत राहिली, आणि शेवटी त्यालाच तिनं देवाला द्यायची भेट करून टाकलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका स्वयंपाकघरात दोन जावा असतील, एका टेबलाला लागून दुसरं टेबल असेल, किंवा विरार लोकलच्या डब्यात रोज त्याच बाईची पिशवी आपल्या गुडघ्याला लागत असेल, तर हे किती किरकोळ आहे ते ज्याचं त्याला माहीत. अन्याय मुकाट्यानं सोसा, असा याचा अर्थ काढू नये. मार खाणाऱ्या बाईला कोणी तेरेजचं नाव सांगून गप्प बसवत असेल, तर ते चूक आहे, मोठी चूक. हे शिंतोड्यांबद्दल आहे, म्हणजे जिथे समोरच्याच्या मनात वाकडं काही नसतं आणि आपलाच अहंकार दुखावतो, त्या जागेबद्दल.

मदतीच्या बाजूनं पाहिलं तर ख्रिस्तसभेनं दयेची सात शारीरिक कर्मं सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट आणि मृतांना मूठमाती. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातून आली. तिथे येशू म्हणतो, या माझ्या अगदी लहान भावंडांपैकी एकासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत. सातवं मागाहून जोडलं गेलं. यातलं कुठलंही काम करायला परमुलखात जावं लागत नाही. आणि ती फक्त आम्हीच करतो असंही नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून जेवण येतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पाहायला मिळतं. एक फरक सांगायचा तर तो असा, की भुकेल्यात ख्रिस्तालाच वाढतो आहोत, असं समजून वाढायला आम्हाला शिकवलं जातं.

आता मिशन. इथे तेरेज सगळ्यांना चकित करते.

ती चौदा वर्षांची होती तेव्हा हेन्री प्रान्झिनी नावाच्या माणसाला तिघींच्या खुनाबद्दल मृत्युदंड झाला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत तोच विषय होता. त्याला पश्चात्ताप नव्हता. तेरेजनं त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली आणि देवाकडे एखादी खूण मागितली, स्वतःच्या समाधानासाठी. ३१ ऑगस्ट १८८७ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. दुसऱ्या दिवशी तिनं बातमी वाचली, की शेवटच्या क्षणी त्यानं वळून धर्मगुरूच्या हातातल्या क्रुसाचं तीनदा चुंबन घेतलं. पुढे आयुष्यभर ती त्याला आपलं पहिलं लेकरू म्हणायची. ज्या माणसाला साऱ्या देशानं टाकून दिलं होतं, त्याला तिनं आपल्या रोझरीतलं नाव केलं.

मठात गेल्यावर तिला दूरदेशी जायची ओढ होती. व्हिएतनाममधल्या हनोईच्या मठात तिला पाठवायचा विचारही झाला, पण तब्येतीनं साथ दिली नाही. तिच्यावर दोन तरुण मिशनरींची जबाबदारी सोपवली होती. एक चीनला गेला, दुसरा आफ्रिकेच्या वाटेवर होता. ती त्यांना पत्रं लिहायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. क्षय बळावल्यावर तिला बागेत थोडं फिरायला सांगितलं होतं. एकेक पाऊल टाकताना तिला धाप लागायची. बघणारी धर्मभगिनी म्हणाली, त्यापेक्षा विश्रांती घे. त्यावर तेरेजचं उत्तर असं, की मी एका मिशनरीसाठी चालते आहे. कुठेतरी दूर तो दमला असेल, त्याचा थकवा कमी व्हावा म्हणून माझा मी देवाला देते.

हे कोणाला भाबडं वाटेल. श्रद्धा नसेल तर तसं वाटणं स्वाभाविकही आहे. पण त्यामागचा विचार समजून घ्यावा. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ख्रिस्तसभा हे एक शरीर आहे. पायाला ठेच लागली की डोळ्यांत पाणी येतं, तसं एकाचं दुःख आणि एकाचं प्रेम दुसऱ्यापर्यंत पोचतं. म्हणून अंथरुणाला खिळलेला माणूसही मिशनमध्ये कामावर असतो.

हाच विचार तेरेजच्या जन्माआधी, १८४४ मध्ये, फ्रान्समधल्याच व्हाल्स गावात एका धर्मगुरूनं मांडला होता. तिथे जेझुइट संघाचे, म्हणजे झेवियरांच्याच धर्मसंघाचे, विद्यार्थी शिकत होते. दूरच्या मिशनवर जायला ते इतके उतावीळ, की अभ्यासात त्यांचं मन लागेना. ३ डिसेंबरला, म्हणजे झेवियरांच्याच सणाला, फादर गोत्रले त्यांना म्हणाले, की मिशनरी आजच व्हा. हा अभ्यास, ही दमणूक, हा कंटाळा रोज सकाळी देवाला अर्पण करा, तिकडे काम करणाऱ्यांसाठी. त्यातून जी चळवळ उभी राहिली ती आज जगभर आहे, आणि तिच्यातून आलेलं 'सकाळचं अर्पण' पुष्कळ कॅथलिक घरांत उठल्या उठल्या म्हटलं जातं. आजचं काम, आनंद, त्रास, सगळं तुझ्या हाती, एवढाच त्याचा आशय. अर्धा मिनिट लागतं. गाडीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्यालाही परवडतं.

पूर्वी पावित्र्य ही धर्मगुरूंची आणि मठवासीयांची मक्तेदारी आहे, अशी समजूत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ती मोडून काढली. पवित्र होण्याचं बोलावणं प्रत्येकाला आहे आणि स्नानसंस्कार झालेला प्रत्येक जण पाठवलेलाच आहे, असं तिनं सांगितलं. प्रापंचिकांनी आपली श्रद्धा जगायची ती बाजारात, कारखान्यात, शाळेत, संसारात. याचं सुंदर उदाहरण तेरेजच्याच घरात सापडतं. तिचे वडील लुई घड्याळं दुरुस्त करायचे. रविवारी गिऱ्हाईक बुडालं तरी दुकान उघडायचे नाहीत. आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवायची, आणि तो इतका वाढला की पुढे लुईनी आपलं दुकान देऊन तिला हातभार लावला. नऊ लेकरं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. झेली स्वतः तेरेज साडेचार वर्षांची असताना कर्करोगानं गेली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकत्र संतपद दिलं. एकत्र संत जाहीर झालेलं हे पहिलंच जोडपं. घड्याळाचं दुकान, लेसच्या ऑर्डरी, आजारपणं, पोरांची शिक्षणं यांतच त्यांचं मिशन होतं.

मैत्रिणीला मी यातलं थोडंच सांगितलं, डब्याची सुट्टी तेवढीच असते. तिनं विचारलं, "मग तुझं मिशन काय?" मी म्हटलं, आज सकाळी घरून भांडून निघाले आहे, तर आजचं मिशन म्हणजे संध्याकाळी आधी मी बोलायचं. ती हसली, पण मी मनापासून म्हटलं होतं. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे वळून पाहायची आमच्यात एक जुनी पद्धत आहे. कुठे देव भेटला, कुठे मी तोंड फिरवलं, एवढं पाहायचं. बऱ्याचदा मी तोंड फिरवलेलं असतं. मग क्षमा मागून झोपायचं आणि सकाळी पुन्हा अर्पण.

आजी शेवटची दोन वर्षं पलंगावरच होती. चर्चला जाणं संपलं. आमच्याकडे असं असलं की मिस्साच घरी येते. धर्मगुरू, नाहीतर धर्मग्रामातला (पॅरिशमधला) नेमून दिलेला एखादा माणूस, ख्रिस्तशरीर एका छोट्या गोल डबीत ठेवून, डबी छातीशी जपत घरोघरी जातो. आम्ही स्टुलावर पांढरं कापड घालायचो, मेणबत्ती लावायचो. आजी सकाळपासून केस विंचरून तयार असायची. ख्रिस्तशरीर घेतल्यावर काही वेळ डोळे मिटून पडायची. मग डोळे उघडून, आलेल्या माणसाला ती विचारायची, अजून किती घरं राहिलीत, कोण कोण आजारी आहे. तो नावं सांगायचा. ती बोटांवर मोजून घ्यायची, पाच झाली की थांबवायची, "पुरे, आजच्या रोझरीला एवढी बास." एका रविवारी पाचवं नाव काही मिळेना. तेव्हा तिनं माझ्याकडे मान वळवून विचारलं, "त्या दुधवाल्याचा हात बसला का गं नीट?"